कोर्नाकियाच्या दारावर व्हिलाची पाटी

बसा इथं. ग्लास भरून घ्या, आमच्या नीवेसची गंमत सांगतो.

नीवेस माझी चुलत वहिनी. भाऊ गेल्यापासून एकटीच राहते. तिच्या घराला सगळं गाव कोर्नाकियाचं पोदेरे म्हणतं. कोर्नाकिया म्हणजे कावळा. अन् पोदेरे म्हणजे मालकानं अर्धलीनं कसायला दिलेलं रान, त्यातल्या घरासकट. आजेसासऱ्याच्या आधीपासूनचं नाव ते. तिनं गोठा पाडून पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. पाहुणे आले नाहीत, तर तोरिनो शहरात राहणारा तिचा लेक कोंबड्या विकून तिला तिकडं त्याच्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवणार होता.

म्हणून बाईनं पाटी लावली, ‘व्हिला नीवेस’.

मी म्हटलं, “अगं वहिनी, व्हिला म्हणजे मालकाची हवेली! तुझा आजेसासरा तिथं टोपी काढून उभा राहायचा.”

“तू गप रे फोस्को. कावळ्याच्या घरात कोण झोपायला येणार?”

पहिलेच पाहुणे हॉलंडचे. नवरा-बायको अन् दोन पोरी. चौकात विचारलं, व्हिला कुठंय? गावाला व्हिला एकच ठाऊक, टेकडीवरची मालकाची. छप्पर पडलेली, दाराला कुलूप. ज्यानं त्यानं मोठ्या प्रेमानं तिकडंच धाडलं.

मी तिथं रानशतावरी खुडत होतो. बघतो तर बाई कपाळाला हात लावून बसलेली, अन् खिडकीतून गावातल्या पिएरोची शेळी तिच्याकडं टकामका बघतेय. नवऱ्यानं फोनवर त्या घराचा फोटो दाखवला.

“अहो, ही अंगणातली पावाची भट्टी तर कोर्नाकियाची! चला माझ्या मागं.”

ट्रॅक्टर पुढं, गाडी मागं. नीवेस फाटकात उभी, हातात झारा. “मेल्या, दोनदा पास्ता उकडला मी! कुठं फिरवत होतास यांना?”

जेवताना कोर्नाकियाचा अर्थ कळल्यावर पोरींनी विचारलं, कावळा कुठाय? मग मी सगळंच सांगितलं. मालक, अर्धा वाटा, टोपी, सगळं. हॉलंडवाला मोडकंतोडकं बोलला, “हे पाटीवर का नाही लिहिलं? हवेल्या आमच्याकडं ढीगभर आहेत.”

नीवेसनं त्याच्या ताटात आणखी वाढलं. सकाळी स्वतः पाटी उतरवली. नवीवर ‘पोदेरे कोर्नाकिया’ लिहिलं, अन् पोरींनीच कावळा रंगवला, बदकासारखा दिसतो. द्राक्षं उतरेपर्यंत खोल्या भरल्यात. लेकही आलाय तोरिनोहून. न्यायला नाही, भांडी घासायला.

तुम्ही तिकडंच चाललाय ना? मग ही पिठाची गोणी तेवढी गाडीत टाका. तिला पीठ पुरेना झालंय.