चुकीच्या रेपोतली तक्रार

माझी तान्ही जिकरा दुपारी जेमतेम चाळीस मिनिटं झोपते. तेवढ्या वेळात मी आमच्या प्रोग्रामची माहिती एकत्र बांधत होते. पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर लक्ष ठेवणारा, पत्रा आला की ती खाली आणणारा हा प्रोग्राम आम्ही दहा-बारा जणांनी फुकट लिहिलाय. कुणीही घ्यावा, हवा तसा बदलावा. माहिती मात्र विखुरलेली. सेन्सरची एका रेपोत, म्हणजे ऑनलाइन कोठारात, कंट्रोल बोर्डाची दुसऱ्यात, आणि मराठी पानं, जी माझ्याकडे असतात, ती तिसऱ्यात. वर्कशॉपमध्ये मोबाइल गेटवरच काढून घेतात, म्हणून सगळं एका पॅकेजात घालून पेन ड्राइव्हवर द्यायचं होतं. सोमवारी, चाकणच्या पंधरा वर्कशॉपना.

पानांबरोबर जुन्या तक्रारीही उतरल्या. तारखेने लावल्या तर एकच मजकूर तीनदा, एकाखाली एक. राजगुरुनगरच्या ज्योतीराम नावाच्या ऑपरेटरचा. सेन्सर पुसताना प्रोग्रामला वाटतं पत्रा आला, प्रेस खाली येते, माझी दोन बोटं गेली, हे कुठंतरी लिहा.

सेन्सरवाल्यांनी कळवलं होतं, हा बोर्डाचा प्रश्न, तिकडे टाका. त्याने टाकला. बोर्डवाले म्हणाले, हा माहितीचा विषय. त्याने तिसऱ्यांदा टाकला. तिथलं उत्तर: "चुकीच्या रेपोत आलंय, बंद करतेय. धन्यवाद." पुढे हसरा चेहरा, खाली माझं नाव.

तेव्हा जिकरा पोटात होती. बाळंतपणाआधी आवरायचं म्हणून मी एका बैठकीत तीसेक तक्रारी निकालात काढल्या होत्या, आणि नवऱ्याला कौतुकाने सांगितलंही होतं.

जिकराने झोपेत माझं एक बोट मुठीत धरलं होतं. ते सोडवून घेववेना. एका हाताने निरंजनला फोन लावला. प्रोग्रामची सूत्रं त्याच्याकडे. तो म्हणाला, पॅकेजात पानं घाल, रडगाणी नकोत, पहिल्याच पानावर तुटलेली बोटं दिसली तर मालक लोक घेणारच नाहीत.

"अगं अल्फिया, पुढच्या व्हर्जनमध्ये टाकू ना. तसंही डॉक्युमेंटेशन वाचतं कोण?"

तो चहा पीत होता. त्या भुरक्याची शिसारी आली. माझ्या 'धन्यवाद'ची त्याहून जास्त.

पॅकेज माझ्या खात्यावरून निघतं. मी पहिलं पान लिहिलं आणि तक्रारीतल्या नंबरवर ज्योतीरामला फोन केला. ती तक्रार बंद करणारी मीच, हे आधी सांगून टाकलं. शिव्यांची तयारी होती. नवं पान लिहिलंय, तेही सांगितलं. तो म्हणाला, वाचा.

मी वाचलं, सेन्सर स्वच्छ करण्यापूर्वी विद्युतपुरवठा खंडित करावा.

"असं कोन बोलतं, ताई? मेन बंद करा, म्हना. कुलूप लावा, आन् किल्ली आपल्याच खिशात ठेवा. मी बंद क्येला व्हता, दुसऱ्यानं येऊन चालू क्येला."

हे तिन्ही रेपोंत कुठेच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मी त्याच्याच शब्दांत लिहिलं. नाव घालू का, विचारलं.

"घाला की. आन् तीनदा लिवलं व्हतं, तेबी घाला."

तिन्ही उत्तरं तारखांसकट, उत्तर देणाऱ्यांच्या नावांसकट, त्याच पानावर घातली. शेवटचं माझं. मग पॅकेज ऑनलाइन सोडलं, सगळ्यांना दिसेल असं.

थोड्या वेळाने निरंजनचे लागोपाठ तीन फोन आले. जिकरा उठली होती. मी तिला पाजत बसले.