रोटाचा डबा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. सिल्वासाला बदली होऊन आले आणि आठवड्याभरात हे सगळ्या शाळेला कळलं. साल ब्याण्णव. तिसरीचा संस्काराचा तास दर बुधवारी माझ्याकडे. गोल बसायचं, श्लोक म्हणायचा, मग डबे वाटून खायचे. फळ्याच्या कोपऱ्यात नियमही मीच लिहिलेले: वाटून खावे, मोठ्यांना उलट बोलू नये.

श्रावणातल्या एका बुधवारी रोशनीने डबा दप्तरात दडवला. "उघड," म्हटलं, तर दप्तरच छातीशी धरून बसली. माझं डोकं फिरलं. "इतकी आपमतलबी? उद्या आईला आणल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही!"

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. कारखान्यात कामाला आलेल्यांची पोरं एकदा शाळेतून सुटली की सुटलीच.

शनिवारी शाळा सुटल्यावर तडक नरोलीतली कामगारांची चाळ गाठली. रोशनीची आई, कमळाबाई, शिफ्ट करून नुकतीच आली होती. मला बघून बिचारी कावरीबावरी झाली.

"बाई, रजा मांगली तर सेठ म्हणतो, कामच सोड. म्हणून पोरीला घरी ठेवली. सोमवारी धुळ्याला पाठवते आजीकडे."

"अहो, पण डबा का दडवला तिनं?"

"कानबाईचे रोट व्हते त्यात. देवीचा प्रसाद आमचा, पण भाऊबंदांनीच खायाचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. घाईत मीच बांधून दिला, माय."

मी दाराआड उभ्या असलेल्या रोशनीकडे वळले. "अगं रोशनी, मग सांगायचं नाही का मला?"

"मोठ्यांना उलट बोलायचं नाही ना, बाई."

अस्सं! मारे संस्कार शिकवत होते, आणि ते पाळून पोरगी शाळेला मुकत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "चुकलं गं माझं. सोमवारी येशील?"

तिने आईकडे पाहिलं. कमळाबाई डोळे पुसत हसली.

सोमवारी हजेरीत "हजर बाई" ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. चूक माझीच होती, हे सगळ्या वर्गाला सांगितलं. उलट बोलणं वेगळं आणि खरं बोलणं वेगळं, हेही सांगितलं.

बुधवारी गोल बसलो. रोशनी डबा घेऊन थेट माझ्याकडे आली. "रोट सरले बाई. ही भाकर आहे, सगळ्यांची." मी आनंदाने तुकडा मोडून तोंडात टाकला.

"बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग की."

"श्लोक म्हणायचा राहिला."