मलप्पाच्या माळवदावरचा मुरूम

लातूर जिल्हा झाला त्या साली पाऊस रुसला आणि वर धरणीही डुलली. धक्का तसा किरकोळच. पण खालच्या गल्लीत, काळ्या मातीवर, मलप्पा किराणावाल्याच्या फळीवरचे डबे धडाधड खाली आले. वर टेकाडावर, मुरमात, त्याचा मेहुणा ईश्वरप्पा तेव्हा दाढी करत होता. त्याला साधा ओरखडाही उठला नाही!

नव्या कचेरीतला साहेब येऊन सांगून गेला, "काळी माती जास्त हलते. मुरूम घट्ट. वर राहायला जा."

वर म्हणजे मेहुण्याच्या ओसरीत. सासुरवाडीचे तुकडे मोडायचे? छट्! मलप्पानं शक्कल काढली. आपण मुरमाकडं कशाला जायचं? मुरूमच आपल्याकडं आणू.

"आणि घालणार कुठं?" बायकोनं, पार्वतम्मानं विचारलं.

"खाली तर घर हाय. वर घालू."

दरसाल माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, माती टाकायची रीतच होती, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. दुष्काळी कामावर मुरूम हवा तेवढा निघत होता. गाडीमागून गाडी आली. तुळया कण्हायला लागल्या तसा मलप्पा खूश. "बघा, घर कसं जड झालं! आता काय बिशाद हलायची!" त्याचं बघून अख्ख्या गल्लीनं मुरूम चढवला. अहो, एक शहाणा निघाला की बाकीच्यांना कितीसा वेळ लागतो!

पार्वतम्मानं मात्र बाज अंगणात काढली. मलप्पाचं नाक कापलं गेलं. "लोक काय म्हणतील? दुपारची आत पडून राहा, सगळ्यांना दिसू दे." ती आत गेली. मलप्पा दुकानात येऊन बसला.

त्याच दुपारी, धरणी अगदी निवांत असताना, मलप्पाच्या घराचं माळवद खाली बसलं.

मलप्पा बोंबलत धावला. शेजारी म्हणाले, "लई मोठा भूकंप झाला हो!" तो नखांनी मुरूम उकरत होता, बायकोला हाका मारत होता, स्वतःला शिव्या घालत होता. तेवढ्यात डोक्यावर घागर घेऊन पार्वतम्मा गल्लीतून आली. टँकर आला म्हणून मागच्या दारानं निघून गेली होती.

मलप्पानं चारचौघांत तिचे पाय धरले. "चल, तुझ्या भावाकडं जाऊ. आत्ताच."

"जाऊ की." तिला रडू फुटलं होतं. "आधी गल्लीतल्या घरांवरचा मुरूम उतरवा. त्या घरांतबी बायका हायत."

मलप्पा शेजारच्या गुरुपादप्पाच्या माळवदावर चढला आणि मुरूम खाली लोटायला लागला. "धावा, चोर!" गुरुपादप्पा ओरडला. "भूकंपाच्या तोंडावर आमचा मुरूम काढायलाय!" खालून दगड आले. एक कपाळाला लागला. मलप्पा उतरला नाही. पाट्या भरभरून लोटतच राहिला.