हळदीच्या कारखान्यातला झोका

मित्रांनो, मी अंबाडीचा एक जुना, जाडजूड दोर आहे. मला स्वस्थ पडून राहता येत नाही. दोराची जातच तशी. आम्हाला पीळ देऊनच जन्माला घालतात आणि तो पीळ आयुष्यभर उलगडू पाहतो. मला कितीही घट्ट गुंडाळून खुंटीला टांगा, आतल्या आत माझी चुळबुळ चालूच असते. कोणी जवळून गेले तरी वाटते, आता मला काढतील, कुठेतरी बांधतील, ओढतील.

माझा जन्म इंझोरी गावचा. तिथले बापूराव अजूनही शेताच्या बांधावर अंबाडी लावतात. भाजीपुरती पाने खुडून झाली की झाडे उंच वाढू देतात, मग कापून पाण्यात भिजत घालतात. सगळीकडे कुजका वास सुटतो, पण त्यातूनच काड्यांवरचा वाख, म्हणजे सालीचे धागे, मोकळा होतो. तो धुऊन वाळवून बापूरावांनी माझे तीन पेड वळले. दुसऱ्या टोकाला त्यांच्या पत्नी सीताबाई पीळ देत उभ्या होत्या. "सैल सोडू नोका," त्या सारख्या बजावत होत्या. "ज्याच्या घरी हा दोर जाईन त्यानं नाव ठेवू नाही."

इंझोरी ही जगदेवरावांची सासुरवाडी. त्यांचा रिठद गावाच्या बाहेर, रस्त्याला लागून हळदीचा कारखाना आहे. त्यांनी मला मुद्दाम वळून घेतले आणि गाडीत टाकून इकडे आणले. कारखाना म्हणजे पत्र्याचे लांब शेड, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि शेडच्या मागच्या टोकाला एक मोठा लोखंडी ड्रम. शिजवून वाळवलेली हळद त्यात घालायची. मोटरच्या पट्ट्यावर ड्रम गरगर फिरला की आतली हळकुंडे एकमेकांवर घासून चकचकीत होतात. मग आजूबाजूच्या बाया खाली बसून ती निवडतात. हळकुंडे वेगळी, गोल गड्डे वेगळे, मोडकी वेगळी. दिवस मावळेपर्यंत त्यांचे हात, पापण्या, चपलांचे अंगठेसुद्धा पिवळे होतात.

माझे सुरुवातीचे दिवस फार धावपळीचे होते. ट्रकवर पोत्यांची थप्पी लागली की मला तिच्यावरून फेकायचे आणि गणेश हमाल पाय रोवून मला आवळायचा. एकदा माल भरलेला टेम्पो चिखलात रुतला. तेव्हा मीच तो बाहेर काढला. गणेशने माझ्यावर थाप मारली होती. "नायलॉन घसरते, हा धरून ठेवते," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

पुढे ट्रकवाले स्वतःचेच पट्टे आणू लागले. मला शेडमधल्या खुंटीवर टांगले आणि विसरले. नेमक्या त्या खुंटीच्या वर पत्र्याला भोक होते. पावसाळ्यात पाणी ठिबकायचे ते माझ्याच अंगावर. वेटोळ्याची बाहेरची बाजू वाऱ्याने वाळायची, आतली ओलीच राहायची. हळूहळू माझा एक पेड आतून कुजला. बाहेरून काहीच दिसत नव्हते. मला मात्र ते कळत होते, आणि ते कोणाला सांगता येत नव्हते.

त्याच खुंटीवरून मी हेमलाचा अपघात पाहिला.

हेमला ही पंचफुलाची धाकटी जाऊ. पंचफुला सगळ्या बायांची मुकादम. तिच्यावाचून तिथे पान हलत नसे. हेमला हसरी, कामाला चपळ. ड्रम चालू-बंद करण्याचे काम त्या बायांतल्याच रूपलाकडे होते. त्या दिवशी पट्ट्याखाली सांडलेली हळद हेमला वाकून गोळा करत होती. ड्रमच्या आडून रूपलाला ती दिसली नाही. तिने बटन दाबले. हेमलाचा पदर पट्ट्यात गेला आणि पदराबरोबर हात ओढला गेला. रूपलाने लगेच बटन बंद केले, म्हणून हात वाचला. पण मनगट मोडले. दवाखाना झाला, प्लास्टर झाले, तरी त्या हाताची मूठ काही वळेना. हेमला घरी बसली.

जगदेवराव मनाने वाईट नव्हते. दवाखान्यात ते रोज गेले. "पट्ट्यावर जाळी बसवतो," असेही म्हणाले. मग हळदीचा हंगाम जोरात आला आणि जाळी राहून गेली.

आधी बाया गात गात हळद निवडायच्या; त्यानंतर शेडमध्ये गाणे ऐकू आले नाही. पंचफुला रूपलाशी बोलेनाशी झाली. काही सांगायचे असले तर मध्ये बसलेल्या भागिरथाआजीला सांगायची, आजी ते पुढे सांगायची. दोघींमध्ये हातभर अंतर असायचे. काही बाया काम सोडून गेल्या. राहिलेल्या खाली मान घालून हळद निवडायच्या आणि वेळ झाली की न बोलता डबे उचलून निघून जायच्या. मला तिथे टांगून राहणे असह्य झाले होते.

अशा वेळी जगदेवरावांची सून साधना कारखाना पाहू लागली. लग्नाआधी ती पुण्याला एका कंपनीत होती. तिथे कामावरच सगळे सण करायचे. "मामाजी, बायांना इथे यावंसं वाटत नाही," ती सासऱ्यांना म्हणाली. "सण एकत्र केले की माणसं मोकळी होतात." जगदेवरावांनी मान हलवली. काम थांबत नसेल तर त्यांची काही हरकत नव्हती.

साधनाने मनापासून सगळे केले. संक्रांतीला तिळगूळ वाटला आणि हळदीकुंकू ठेवले. हळदीच्या कारखान्यात बोटभर हळद लावून घेताना बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. होळीला ती रंग घेऊन आली, तेव्हा रूपला एवढेच म्हणाली, "रंग कायले, ताई? आमी त रोजच पिवळ्या." महिला दिनाला केक आला. फोटो निघाले. फोटोत सगळ्या होत्या, पण पंचफुला एका टोकाला आणि रूपला दुसऱ्या टोकाला. केक संपला आणि मागे ड्रम पुन्हा सुरू झाला. साधना रिकामे खोके हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मला तिची कीव आली. तीही माझ्यासारखीच आतून बेचैन होती.

श्रावण लागला तेव्हा तिने बायांनाच विचारले, "नागपंचमीला काय करू या?"

बाया हळद निवडतच राहिल्या. मग भागिरथाआजीने हातातले हळकुंड खाली ठेवले. "झोका बांधून दे, पोरी. लगन झालं तवापासून म्या झोक्यावर पाय नाही ठेवला. सासरी कोन बांधून देते?"

सगळ्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या!

आणि गणेश सरळ माझ्याकडे आला. खुंटीवरून मला उतरवले. "हा दोर मस्त हाये," तो म्हणाला. ज्या क्षणाची मी इतकी वाट पाहिली, तो आला, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. अरे, मला नीट उलगड, आतली बाजू पाहा, असे मी ओरडत होतो. पण दोराचे ओरडणे म्हणजे नुसती करकर. गणेशने मला कडुनिंबाच्या फांदीवरून टाकले, खाली फळी बांधली, दोन हिसके दिले आणि हात झटकले. कुजलेला भाग नेमका तिथे आला, जिथे उभ्या बाईचे हात पोहोचतात, त्याच्या थोडा वर.

पंचमीच्या दिवशी बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. कोणी करंजीसारखे कानोले आणले होते, कोणी ज्वारीच्या लाह्या. भागिरथाआजी सर्वांत आधी फळीवर बसली आणि लहान पोरीसारखी किंचाळली. मग एकेक जण येऊ लागली. मी हसू ऐकत होतो आणि माझा एकेक तंतू ताणला जात होता. प्रत्येक बाई सुखरूप उतरली की मला सुटल्यासारखे वाटे, तोवर दुसरी चढे. पंचफुला मात्र शेडच्या पायरीवर बसून होती. ड्रम दुपारनंतर सुरू होणार होता, कारण संध्याकाळी ट्रक भरायचा होता.

तेवढ्यात फाटकातून हेमला आली. साधनाने तिला आवर्जून बोलावले होते. हिरवी साडी, आखडलेला हात पदराखाली. ती कोणाशी न बोलता सरळ रूपलासमोर जाऊन उभी राहिली.

"रूपले, मले घे ना झोक्यावर."

रूपला एक पाऊल मागे सरकली. "तुले दोर धरता येईन का?"

"नाही येत. म्हनून त तुले म्हनून राह्यली."

पंचफुला धावत आली. "हेमले, खुळी झाली का? पडशीन ना!"

"जाऊबाई, माहा हात मोडला, मी नाही मोडली," हेमला म्हणाली. "घरात बसून बसून जीव घाबरून राह्यला माहा. आन् तिच्यासंगं बोला तुमी. तिनं बटन बंद केलं नसतं त हात राह्यला नसता."

पंचफुलाने पदर कमरेला खोचला. "मंग मदात बस तू," ती म्हणाली. "एका बाजूनं मी उभी राहातो."

आमच्याकडे झोका असाच खेळतात, मित्रांनो. मध्ये एक बसते, दोघी समोरासमोर उभ्या राहतात आणि आळीपाळीने गुडघे वाकवून झोका चढवतात. एक वाकली की दुसरीने ताठ व्हायचे. मन जुळले नाही तर झोका वाकडातिकडा जातो. आधी तसाच गेला. मग दोघींचा मेळ बसला. झोका चढू लागला. हेमलाने डोळे मिटून घेतले आणि मोठ्याने हसू लागली. खाली कोणीतरी पंचमीचे गाणे धरले.

आणि माझे एकेक वळण उकलत होते. तिघींचे ओझे त्या कुजक्या पेडावर येत होते. वर जाताना वाटे, आता. खाली येताना वाटे, आता. मी उरलेल्या दोन पेडांना सांगत होतो, सोडू नका, काही झाले तरी सोडू नका.

तट्!

पंचफुलाच्या डोक्याशी आवाज झाला. तिने वर पाहिले. तुटलेला पेड हवेत गरगरत उलगडत होता.

"रूपले!" इतक्या महिन्यांनी ते नाव तिच्या तोंडून निघाले. "थांबव! दोर तुटून राह्यला!"

"बाई, वाकू नोका! ताठ राहा!" रूपला ओरडली. "तुमी फक्त हेमलेले धरा!"

पंचफुलाने एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने हेमलाला घट्ट धरले. रूपला खाली बसली, एक पाय फळीवरून सोडला आणि जमिनीवर घासू लागली. चिखल उडाला, तिचे पाऊल सोलले, पण तिने पाय वर घेतला नाही. झोका संथ झाला. गणेशने धावत येऊन फळी धरली. तिघी उतरल्या आणि चिखलातच बसल्या. पंचफुलाचा हात अजून हेमलाभोवती होता आणि रूपलाचा पंचफुलाच्या खांद्यावर.

जगदेवराव धावत आले. पंचफुला उठली आणि तिने माझा तुटका पेड त्यांच्यासमोर धरला.

"मालक, हा दोर बांदायच्या आंदी कोनी पाह्यला होता?"

"म्या वढून पाह्यला, बाई," गणेश चाचरत म्हणाला. "वरून त मस्त दिसे."

"पट्टाबी वरून मस्तच दिसते. त्याच्यावर जाळी कदी बसवता?"

जगदेवराव चिडले. "आज सण हाये. आजच्या दिवशी हे कायले काढून राह्यली तू?"

"सण हाये म्हनूनच काढून राह्यली. बाकीच्या दिवशी ड्रमच्या आवाजात तुमाले आयकू येत नाही."

रूपला लंगडत शेडमध्ये गेली, बटनाच्या पेटीला कुलूप लावले आणि चाबी आणून साधनाच्या हातात ठेवली. "ताई, जाळी बसल्याबिगर मी ड्रम चालू करनार नाही." एकेक बाई तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

साधनाने चाबीकडे पाहिले, मग सासऱ्यांकडे. "मामाजी, झोका मी बांधायला लावला. दोर मीही पाहिला नाही," ती म्हणाली. "ट्रकवाल्याला मी फोन करते. तो थांबेल."

तिने रिसोडच्या वेल्डरलाही फोन लावला. तो म्हणाला, आज पंचमी, आज मी हत्याराला हात लावत नाही, उद्या सकाळी येतो. मग ड्रम दिवसभर बंदच राहिला. जगदेवराव थोडा वेळ येरझाऱ्या घालत होते. शेवटी भागिरथाआजीने त्यांच्या हातात कानोला दिला आणि ते पायरीवर बसले. बाया कडुनिंबाखाली गोल बसून लाह्या खात होत्या. साधनाने रूपलाच्या पावलाला पट्टी बांधली. त्या दिवशी फोटो काढायचे कोणाच्या लक्षातच राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी जाळी बसली. पत्र्याचे भोकही बुजवले. पोळ्यानंतर हेमला कामावर परत आली. एका हाताने निवडते, पण तिचे बोलणे सगळ्यांत जास्त. पंचफुला आणि रूपला अजून कधीकधी भांडतात, मात्र आता थेट भांडतात.

माझा कुजका भाग गणेशने कापून टाकला. त्याने मला उन्हात वाळवले आणि चांगला तुकडा हेमलाने वासरू बांधायला नेला. यंदाच्या पंचमीला नवा दोर आला. फांदीवर टाकण्याआधी सगळ्या बाया अंगणात त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या आणि त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत तो हातांखालून घातला. जगदेवरावही बसले होते. हेमला घरी येऊन वासराला हे सांगत होती, तेव्हा मी ऐकले.

मित्रांनो, तुमच्या आईच्या, बाबांच्या कामावरही सण होत असतील. खूप खेळा, गा, गोडधोड खा. सणाने माणसे जवळ येतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पण ज्याच्या भरवशावर कोणीतरी उंच जाणार आहे, ते आधी उलगडून पाहा. वरून चांगले दिसते म्हणून पुढे जाऊ नका. आणि कोणी बरेच दिवस गप्प असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला काहीतरी सांगायचे असते.