पोट गार पडू नये म्हणून

ओकायामाच्या आमच्या इस्पितळात दात्याचं स्वादुपिंड काढलं की ते माझ्या हाती येतं. गार द्रवात ते तरंगतं, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सुटत राहतात. नव्या डॉक्टरांना मी सांगते, टक लावून बघू नका. ते श्वास घेतंय असं वाटायला लागतं, मग जेवण जात नाही.

त्या सकाळी आलं ते यासुतोचं, मोटारसायकलवरून पडलेल्या पोराचं. हृदय थांबल्यावर रिवाजाप्रमाणे घरच्यांनी त्याच्या ओठांना पाणी लावलं. मग आईने त्याच्यापाशी एकटीने बसायला थोडा वेळ मागितला. आम्ही दिला. नाही कसं म्हणणार?

वरच्या मजल्यावर मधुमेहाच्या रुग्ण ओदागिरीसान उपाशीपोटी वाट बघत होत्या. इन्सुलिनच्या इंजेक्शनांनी त्यांची साखर झोपेतच उतरते, त्यांना कळतही नाही. परवा नवऱ्याला त्या बेशुद्ध सापडल्या, घामाने थबथबलेल्या. यासुतोच्या स्वादुपिंडातल्या पेशी टोचल्या की हवं तेवढंच इन्सुलिन आपलं आपण तयार होणार होतं.

पण मी स्वादुपिंड हातात घेतलं. भिजल्या पावासारखं मऊ. पेशी वेगळ्या केल्या, तर बहुतेक मेलेल्या.

"टोचण्यात अर्थ नाही," काजितानी डॉक्टर म्हणाले. "वर ओदागिरीसानना मी सांगतो. तुम्ही खाली जा, निरोपाला कोणीतरी हवं."

शववाहिनीपाशी आम्ही रांगेत वाकलो. यासुतोची आई थेट माझ्यासमोर आली.

"माझ्या पोराचं ते तुम्हीच सांभाळता ना? गारठ्यात ठेवलंय का हो?"

"हो. गारठ्यातच टिकतं."

"त्याला नाही सोसत. पाणी लावल्यावर हात फिरवला, तर पोट नुसतं बर्फ. मग लोकरीचा पट्टा गुंडाळला, आत शेकायच्या गरम पुड्या घातल्या. तुम्ही यायच्या आत काढूनही घेतल्या, उगाच तुम्हाला अडचण नको. बरं केलं ना?"

आम्ही नळीतून थंड द्रव सोडून त्याला आतून गार करत होतो, आणि ही बाहेरून शेकत बसली होती. मला संताप आला. कोणावर, ते कळेना.

"बरं केलंत," मी म्हणाले.

"ज्यांना मिळालं त्यांना सांगाल? रात्री पोट उघडं टाकून झोपू नका म्हणावं."

"सांगते."

गाडी गेली. मी वर गेले. ओदागिरीसान बॅग भरत होत्या.

"रात्री पोट झाकून झोपत जा," मी म्हणाले.

"आईसारखं बोलता हो," त्या हसल्या. मग चेन ओढता ओढता म्हणाल्या, "झोपायचीच भीती वाटते मला."