दगडापर्यंतचा राउंड

पारसी पॉईंटवर गाडी लावून बिरदेवनं मागचं दार उघडलं, तर आई, धोंडुबाई, उतरायलाच तयार नव्हती.

"मगाच बघितली की दरी."

"आये, ती येगळी हुती. ही येगळी."

"ह्या दरीत काय हाय?"

बिरदेवनं कठड्याकडं नजर टाकली. "धरणाचं पानी दिसतंय."

"मगाबी त्येच दिसत हुतं. उलीसं डावीकडं हुतं."

पाचगणीत आल्यापासून त्यालाही वाटत होतं की दरी एकच आहे, कठडे तेवढे ठिकठिकाणी बसवलेत. पण तसं बोलायची सोय नव्हती, कारण सहल त्यानंच काढली होती. मुलगी सृष्टी सांगलीला कॉलेजात होती. तिनं मोबाईलवर बघून, इथं येऊन माणसानं काय काय करावं हे सगळं ठरवून टाकलं होतं. त्यात निम्म्या गोष्टी दरी बघण्याच्या आणि निम्म्या स्ट्रॉबेरी खाण्याच्या होत्या. शेवटची एकच जरा निराळी होती, टेबललँडवर घोड्यावर बसण्याची.

सृष्टी एकटीच कठड्याशी गेली, दरीकडं पाठ करून तिनं फोटो काढले आणि परत आली. बिरदेव गाडीला टेकून खिशातला फोन काढत होता, बघत होता, परत ठेवत होता. रेंज होती, चार्जिंग होतं, फक्त चुलतभाऊ धुळाचा फोन येत नव्हता.

"कुनाची वाट बघतूस रं?" धोंडुबाईनं आतून विचारलं.

"डाळिंबाच्या व्यापाऱ्याची."

"मग रानात थांबायचं. तोडा ऐन भरात आलाय आन तू मला कठडं दावत हिंडतूस."

"तुला कवा कुटं न्हेलं न्हाई, म्हनून आनली, आये."

धोंडुबाईनं पदर सारखा केला आणि समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिली. ती सीट तिला दरीपेक्षा बरी वाटत असावी.

कुठं नेलं नाही, हेही तसं खरं नव्हतं. धोंडुबाईचा जन्म हिंडण्यातच गेला होता. दिवाळी झाली की आटपाडीच्या माळावरून मेंढरं निघायची, पाटणच्या खोऱ्यातून घाट उतरून कोकणात जायची आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरायची. पुरुष मेंढरांमागं रानातून चालायचे, बायका घोड्याची दोरी धरून वाटेनं. त्या घोड्यावर माणूस बसत नसे, संसार बसत असे. भांडी, घोंगडी, पीठ, पाय बांधलेल्या कोंबड्या, त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू आणि चालता न येणारं पोर. बिरदेवही एके काळी त्या सामानात होता. शाळेच्या वयाचा झाल्यावर त्याला आटपाडीच्या वसतिगृहात घातलं, का तर त्याच्या वाट्याला चालणं येऊ नये. ते आलं नाही. घोड्याची दोरी त्यानं उभ्या आयुष्यात धरली नव्हती.

पुढं कालव्याचं पाणी आलं, माळावर डाळिंब आलं आणि मेंढरं गेली. तांबडी तेवढी राहिली. ही धोंडुबाईची घोडी. हिची आईही धोंडुबाईच्याच दोरीला होती. घोडी अजून उमेदीत होती, पण तिला काम उरलं नव्हतं, आणि धोंडुबाईलाही. दिवसभर दोघी परड्यात लिंबाखाली एकमेकींकडं बघत असत. धोंडुबाई घरच्यांशी दिवसाकाठी जेवढं बोलायची, तेवढं तांबडीशी वैरण टाकतानाच बोलून व्हायचं. मग गेल्या महिन्यात तांबडी दावं तोडून बागेत शिरली, ठिबकच्या नळ्या चावल्या, फळानं वाकलेली झाडं तुडवली. त्या दिवशी बिरदेवच्या बायकोनं स्वयंपाक केला नाही. घोडी विकायची हे ठरलं, गिऱ्हाईकही मिळालं. आता आईला सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. भावकीत तीन माजी सरपंच होते, पण त्यांतला एकही पुढं झाला नाही.

शेवटी धुळानंच तोड काढली. "म्हातारीला दोन दिस थंड हवेला न्ही. मागं म्या घोडी गाडीत भरून लावतो. आल्यावर रडंल चार दिस, मग ऱ्हाईल गप."

अशा रीतीनं धोंडुबाईच्या नशिबी थंड हवा आली.

टेबललँडवर मात्र ती गाडीतून आपण होऊन उतरली. वर नुसता सपाट, तांबडा माळ होता. त्यावर वाळलेलं पिवळं गवत, आणि गवताच्या कडेला घोडे उभे होते. आटपाडीहून कोणी एवढ्या लांब माळ बघायला येईल असं बिरदेवला वाटलं नव्हतं; पण ती लांबवर नजर टाकत पहिल्यांदाच जरा सैल उभी राहिली.

एक घोडेवाला पुढं आला. नाव लालासाहेब, पायात स्लिपर. त्याच्या पांढऱ्या घोड्याचं नाव रॉकेट होतं आणि रॉकेट उभ्या उभ्या झोपला होता.

"या मावशी, बसा. यकदम गरीब घोडा. ढकलला तरी पळायचा न्हाई."

धोंडुबाईनं रॉकेटच्या मानेवर पालथा हात ठेवला. सकाळपासून तिनं स्वतःहून हात लावलेली ही पहिलीच गोष्ट.

"कुटवर जातोय ह्यो?"

"त्यो थोरला दगड दिसतोय न्हवं? ततपातूर जायचं आन माघारी यायचं. मोटा राउंड."

"आन ततनं फुडं?"

"फुडं काय न्हाई."

"मंजी दिसभर चालून ह्यो कुटंच जात न्हाई."

"न्हाई की," लालासाहेब म्हणाला. "म्याबी न्हाई. पर रोज जातोय."

सृष्टी फोन सरसावून उभी होती. "बस ना गं आजी. एक फोटो."

"आमी बसत न्हाई घोड्यावर."

"का पण?"

"घोडं काय बसायसाटी असतंय व्हय?"

लालासाहेबाचं पोट लोकांच्या बसण्यावर चालत होतं. तरी त्यानं हे मोठ्या मनानं ऐकून घेतलं. "मग कशापायी असतंय मावशी?"

"संगं चालायला."

इतक्यात फोन वाजला. बिरदेव चार पावलं बाजूला गेला.

"चढंना गड्या," धुळा म्हणाला. त्याला धाप लागली होती आणि त्याचा आवाज फोनबाहेर येत होता. "सकाळधरनं चौघं लागलोय. फळी लावली, पेंड दावली, मागनं रेटली. फळीला पाय लावून उभी ऱ्हाती आन घराकडं बघती. ड्रायव्हरला लाथ बसलीया, त्यो आता खाली उतरंना."

"मग आता?"

"म्हातारीनं हाक मारल्याबगर ती जायाची न्हाई. फोन दी म्हातारीला."

"काय सांगून देऊ?"

"सांग, घोडी खाईना, तुजी आठवन काढतीया. जरा हाक मार म्हनाव. हितं म्या फोन तिच्या कानाला लावतो."

बिरदेवनं फोन छातीशी धरला. समोर एक नवरा-बायको दुसऱ्या घोड्यावरून दगडाकडं निघाले होते आणि बायको आनंदानं किंचाळत होती. बिरदेवला एकदम फार थकवा आला. काल रात्रीपासून गाडी तोच चालवत होता, आणि खोटंही तोच बोलत होता. त्यातलं गाडी चालवणं सोपं होतं.

तो आईजवळ आला. "आये, धुळाचा फोन हाय. तांबडी काय खाईना म्हनं. तुजा आवाज ऐकिवला तर—"

धोंडुबाईचा हात रॉकेटच्या मानेवरच होता.

"खाईना, का चढंना?"

सृष्टीनं फोटोसाठी उचललेला फोन हळूच खाली घेतला.

"कुनाला दिली?" धोंडुबाईनं विचारलं.

"जतकडचा बिराप्पा हाय. मेंढरं हायत त्येची. अजून खाली उतरत्यात."

"कोकनात?"

"व्हय."

"मग चालती ऱ्हाईल." तिनं रॉकेटची मान थोपटली. "फळी ताठ लावली असंल धुळ्यानं. गाडीचं मागचं तोंड बांधाला लावा म्हनाव, मंजी पायरी ऱ्हात न्हाई. आन रेटनाऱ्यास्नी मागनं हटीव म्हनाव. मागं मानूस चालत न्हाई तिला."

बिरदेवनं ते फोनवर सांगितलं. पलीकडं गाडी सुरू झाल्याचा, मागंपुढं झाल्याचा आवाज आला. मग धुळा म्हणाला, "हां, लावला कानाला." बिरदेवनं फोन आईपुढं धरला.

तिनं फोन हातात घेतला नाही. किंचित वाकली आणि जीभ टाळूवर एकदा टक्कन वाजवली, मग घशातून एक लांब, उतरता सूर काढला. बिरदेवनं तो सूर लहानपणी ऐकला असणार, भांड्यांच्या आणि कोंबड्यांच्या मधे बसून. पण त्याला तो ओळखू आला नाही. पहाटे मुक्काम हलवताना मारायची ती हाक होती. आजूबाजूच्या दोन-तीन घोड्यांनी माना वर केल्या. रॉकेट जागा झाला.

फोनमधून फळीवर खुरांचे आवाज आले. एक, मग थांबून दुसरा, मग सलग.

"चढली!" धुळा ओरडला. "चढली बग, गड्या! काय म्हातारी हाय!"

"दावं सोडून घ्या म्हनाव," धोंडुबाई म्हणाली. "दावं जनावरासंगं देत नसत्यात. आपलं आपल्याकडं."

बिरदेवनं तेही सांगितलं आणि फोन बंद केला. तो खिशात ठेवावा की हातात धरावा हे त्याला कळेना.

"आये..."

"मला सांगितलं असतंस तर," धोंडुबाई म्हणाली, "म्या तिच्या म्होरं उभी ऱ्हाऊन चढीवली असती."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. भाजीत मीठ जरा कमी आहे, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मग लालासाहेबाकडं वळली.

"बसीव रं मला."

"बसवतू की मावशी. भ्या वाटंल का?"

"काय म्हाईत. कवा बसली न्हाई."

दगडी ओट्यावर चढवून, एका बाजूनं सृष्टीनं आणि एका बाजूनं लालासाहेबानं धरून तिला वर बसवलं. नऊवारीचा काष्टा होता म्हणून ते सोपं गेलं. लालासाहेबानं लगाम तिच्या हातात द्यायला धरला, पण तिनं घेतला नाही.

"तूच धर बाबा. म्या कशाला धरू आता?"

रॉकेट निघाला. पुढं लालासाहेब, वर धोंडुबाई, एका बाजूला बिरदेव, मागं सृष्टी. तिनं फोटो काढला नाही. एवढ्या लवाजम्यानिशी ते चालले. धोंडुबाई ताठ बसली होती. वाटेत एका पोराला घोड्यावर रडू फुटलं होतं आणि त्याचा बाप त्याला हसायला सांगत होता.

थोरल्या दगडापाशी आल्यावर कोणी काही न सांगता रॉकेट वळला.

"का फिरला?"

"राउंड झाला मावशी."

"आजून जरा म्होरं न्ही."

लालासाहेबानं बिरदेवकडं पाहिलं. "पावनं, ह्याच्याफुडं ह्यो जात न्हाई. आमी लय करून बघितलंय. दगडाच्या पल्याड जग हाय, ह्ये त्येला पटतच न्हाई."

बिरदेवनं हात पुढं केला. लालासाहेबानं क्षणभर विचार केला, दोरी त्याच्या हातात दिली आणि स्वतः दगडावर टेकून पाय लांब केले. त्यालाही बसायला निमित्त हवंच होतं.

दोरी खरबरीत होती आणि घामानं ओली होती. बिरदेवनं ती ओढली. रॉकेटनं चारी पाय रोवले.

"चल," बिरदेव म्हणाला.

मग म्हणाला, "चल रं."

आणि शेवटी, "आवं, चला की."

जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी आलेल्या माणसाकडं कारकून बघतो, तसं रॉकेटनं त्याच्याकडं पाहिलं. पुढं फार काही नव्हतंच, थोडं पिवळं गवत आणि मग माळाची कड. पण तेवढंही तो जात नव्हता. सृष्टी जवळ येऊन उभी राहिली. बिरदेवनं दोरी खांद्यावरून घेऊन ओढून बघितली, सैल सोडून बघितली. आईच्या एका हाकेचं काम होतं, हे त्याला कळत होतं. मघाशी सगळ्या माळानं ती ऐकली होती.

त्यानं मान वर करून पाहिलं.

धोंडुबाईचे दोन्ही हात मांडीवर होते. ती त्याच्याकडं बघत नव्हती. माळाच्या कडेपलीकडं, कुठं तरी खाली, तिची नजर होती आणि तोंड मिटलेलं होतं.

बिरदेवनं दोरी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा ओढायला लागला.