डबीत जपलेला कान

साहेब, एक वाक्य तुम्ही गिळलंत. चाळीस पोरं रांगेत उभी होती, मागे तुमच्या कंपनीचा बॅनर होता, फोटोवाला घाई करत होता, जेवणाची पाकिटं थंड होत होती, म्हणून गिळलंत. त्या एका वाक्यापायी एक पोर ट्रॅक्टरखाली जाता जाता राहिली. आधी हे ऐका, मग पुढच्या वर्षीचा बॅनर छापा.

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. कातडीचा नव्हे, प्लॅस्टिकचा. काजूच्या आकाराचा, चॉकलेटी, कानामागे बसणारा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी मी आवाज मोठा करतो. माझ्या पोटात शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो. सेल जिवंत तोवर मी कान, सेल मेला की मीही ठार बहिरा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नाशिकचं मंगल कार्यालय. तिथे कंपनीने कमी ऐकू येणाऱ्या गरीब मुलांना मशीन वाटायचं शिबिर भरवलं होतं. एका ताईने मला पिंकीच्या कानामागे बसवलं आणि तिच्या आईच्या हातात सहा सेलचं पाकीट दिलं. म्हणाली, "सेलवरची चिकटपट्टी काढल्याशिवाय मशीन चालणार नाही हं." संपलं. बाकीचं एका कागदावर होतं, इंग्रजीत. पाठोपाठ पुढच्या पोराचं नाव पुकारलं गेलं.

पिंकी लासलगावची. आठ वर्षांची, तिसरीतली. तिची आई मनीषा व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते. दुसऱ्या दिवशी मनीषा तिला खळ्यावर घेऊन गेली. सगळीकडे वाळक्या पातीचा नि टरफलांचा थर. पिंकीने त्यावर पाय ठेवला आणि दचकली. पुन्हा ठेवला. मग आईचा पदर ओढून ओरडली, "आई, कांदा बोलतो!"

बाया हसल्या. शेजारी बसलेली कुसाबाई म्हणाली, "मनीषे, आता जपून बोल बाई. पोरगी चुगल्या ऐकायला लागली."

"ऐकू दे," मनीषा म्हणाली. "आठ वरसं नाय ऐकलं तिनं. समद्या गावाच्या चुगल्या ऐकू दे." आणि पदराने डोळे पुसत तिने हात कांद्यात घातले. कांद्यामुळे पाणी आलं, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

मित्रांनो, माझे सुखाचे दिवस ते एवढेच. शाळेत धम्मपाल सरांनी पाढा म्हटला की पिंकी ओठ न बघता मागून म्हणायची. रस्त्यावर मागून कांद्याचा ट्रॅक्टर आला की हॉर्न ऐकून बाजूला व्हायची. आठ दिवसांत पहिला सेल संपला, दुसराही संपत आला. चार उरले.

तेवढ्यात सरांना कंपनीच्या मॅडमचा फोन आला. सरांनी मनीषाला शाळेत बोलावून घेतलं. "मनीषाताई, दीड महिन्याने तपासणी आहे. त्या दिवशी मशीन चालू असलं तर नाव यादीत राहील, पुढचे सेल मिळतील. बंद सापडलं तर नाव कापणार आणि मशीन दुसऱ्याला देणार."

"आन् मधल्या काळात सेल संपले तर?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, ते आमच्याकडे येत नाही."

मनीषाने घरी येऊन विचार केला. चार सेल, दीड महिना. घरातली चांगली साडी जशी लग्नासाठी ठेवतात, तसं तिने मला तपासणीसाठी ठेवायचं ठरवलं. आणि त्या दिवशी गडबड नको, म्हणून चारही सेलच्या चिकटपट्ट्या तिने आत्ताच सोलल्या. नखाने, हळूच, लसूण सोलावा तशा. "तयार असलेले बरे," असं स्वतःशीच म्हणाली.

मी तिच्या मांडीवर होतो आणि भीतीने गारठलो होतो. कारण गिळलेलं वाक्य मला ठाऊक होतं. चिकटपट्टी निघाली की सेल हवा ओढायला लागतो, मग वापरा नाहीतर देव्हाऱ्यात ठेवा, तो मरतच जातो. मला सगळं ऐकू येतं, मित्रांनो, पण मला तोंड नाही. तिने मला त्या चार उघड्या सेलांबरोबर कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलं, वर हळदीचं बोट टेकवलं आणि झाकण लावलं.

दीड महिना अंधार. शेजारी चार जीव हवा ओढत मरत होते.

तपासणीच्या सकाळी मनीषाने पिंकीची वेणी घातली आणि डबी उघडली. पहिला सेल घातला. मेलेला. दुसरा. तिसरा. चौथ्याने कशीबशी धुगधुगी धरली आणि मला तिचा आवाज आला, "चालू हो रे बाबा, आजच्या दिवस चालू हो!"

दोघी निघाल्या. मनीषा चार पावलं पुढे, पिंकी मागे. दीड महिन्याने आवाज आले म्हणून पोर हरखून चालत होती. माझ्या पोटात सेल संपत आल्याची टिकटिक सुरू झाली. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मी जीव एकवटून तो पिंकीच्या कानात ओतला. ती बाजूला झाली. हॉर्न वाजतच होता आणि मध्येच सेल मेला. हॉर्न तुटला.

पोरीला काय वाटलं असेल? आवाज गेला, म्हणजे ट्रॅक्टर गेला. ती पुन्हा रस्त्यावर आली.

आता मलाही काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. ट्रॉलीवरून घरंगळणारे कांदे. ड्रायव्हरचं वासलेलं तोंड. मनीषाचा हात. तिने पिंकीची वेणी धरून तिला खेचलं आणि दोघी टरफलांच्या ढिगात पडल्या. चाक पिंकीच्या चपलेवरून गेलं. चपलेत पाय नव्हता, एवढंच नशीब.

तशाच दोघी शाळेत गेल्या. मॅडम पिंकीच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. दोन तळवे जुळलेले मी पाहिले. पिंकी वळली नाही. पुन्हा टाळी. पिंकी फळ्याकडेच बघत होती. सर हात हलवून काही सांगत होते, मनीषाने हात जोडले होते. मॅडमनी यादीवर आडवी रेघ मारली आणि मला पिशवीत टाकलं.

आता मी नाशिकला, सातपूरच्या तुमच्या कंपनीच्या ऑफिसात कपाटात पडून आहे. दुसरं पोर अजून सापडलेलं नाही. कपाटाच्या काचेतून समोरची भिंत दिसते. तिच्यावर पिंकीचा हसरा फोटो आहे, कानामागे मी. यादीतून नाव कापलं साहेब, भिंतीवरून फोटो नाही काढलात!

मित्रांनो, तुम्हाला कोणी काही दिलं तर ते कसं चालतं, कशाने मरतं, हे विचारा. दोनदा विचारा. देणाऱ्याला घाई असली तर त्याचा सदरा धरून विचारा. नुसतं डबीत ठेवून काही जपलं जात नाही.

आणि साहेब, तुम्ही. लाल कांद्याचा हंगाम सुरू झालाय. मनीषाला आठला खळ्यावर जावं लागतं. उद्या साडेनऊला पिंकी त्याच रस्त्याने एकटी शाळेला निघेल आणि तिच्या मागून ट्रॅक्टर येईल. मी इथे कपाटात आहे. तिला कोण सांगणार? फोटोकडे बघू नका. माझ्याकडे बघा आणि उत्तर द्या.